थंडीतलं सूप आणि माशात दूध घालण्याचा वाद : पार्श्वभूमी

किमान तापमान 15-16 अंशांवर आलं की ठाण्यात आणि नवी मुंबईत थंडी पडली असं म्हणतात. घाटावरचे लोक यावर हसतात, हसोत. येऊरच्या पायथ्याशी आणि खारघरच्या डोंगराकडच्या सोसायट्यांत त्या दिवसांत संध्याकाळी खिडक्या लावून घ्याव्या लागतात हे खरं आहे. या दिवसांत रात्रीच्या जेवणाआधी घरोघरी सूप होतं. टोमॅटो, पालक, मटार याबद्दल कुणाची तक्रार नसते. तक्रार सुरू होते ती चावडरपाशी, म्हणजे दूध घालून केलेल्या मासळीच्या किंवा तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) दाट सूपपाशी. मासे आणि दूध एका भांड्यात? घरातली मोठी माणसं तिथेच हात आखडतात.

पातळ, गरम आणि पिण्याजोगे पदार्थ आपल्याकडे आधीपासून होतेच. मुगाचं कढण, कुळथाचं कढण, टोमॅटोचं सार, बोकडाच्या पायांचा रस्सा, खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांतलं चिंबोऱ्यांचं कालवण. फरक इतकाच की ते भातावर किंवा भाकरीबरोबर खायचे, नाहीतर आजाऱ्याला द्यायचे. जेवणाआधी वेगळ्या वाटीत चमच्याने सूप घ्यायची रीत साहेबी टेबलावरून आली. मद्रासेकडच्या मिरपाण्याचं इंग्रजांनी मुलिगाटानी केलं, तेही त्याच टेबलासाठी.

इथल्या स्वयंपाकघरात खरा बदल गेल्या साठेक वर्षांतला आहे. 1959 पासून प्रेशर कुकर देशात बनू लागले, पुढे त्यांचा एक कारखाना ठाण्यातही आला. साठच्या दशकात मिक्सर आला. त्याच दशकात वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर हा कारखान्यांचा पट्टा उभा राहिला आणि नोकरदार कुटुंबं वाढली. शिजवलेली भाजी घोटून गाळणं हे एरवी अर्ध्या तासाचं काम; ते पाच मिनिटांवर आलं. 1992 मध्ये खाडीवरून वाशीला लोकल आली. 1996 मध्ये भाजीचा घाऊक बाजार भायखळ्याहून वाशीला हलला, आणि सूपच्या दृष्टीने ही सगळ्यात मोठी घटना म्हणायला हवी. मध्य प्रदेशातला मटार, उत्तरेकडची लाल गाजरं, पुढे पुणे-नाशिककडची ब्रोकोली आणि सेलेरी, सगळं दाराशी उतरू लागलं. 2004 मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाल्यावर ठाणेकरांनाही येताना या बाजाराजवळच्या तुर्भ्याहून पिशवी भरून आणणं सोपं झालं. 2016 मध्ये फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्या आणि शेतकऱ्याचा माल थेट सोसायटीच्या फाटकाशी येण्याची वाट मोकळी झाली.

मधल्या काळात नाक्यानाक्यावरच्या चायनीजच्या गाड्यांनी मंचाव आणि स्वीट कॉर्न सूप रुजवलं. पिठाचं आळण आपल्या आमटीला आणि कढीला नवं नव्हतं, फक्त डाळीच्या पिठाच्या जागी कॉर्नफ्लोअर आलं. 2020 च्या टाळेबंदीत हॉटेलं बंद पडली तेव्हा तेच सूप घरी व्हायला लागलं, आणि परदेशी पाककृतींच्या वाटेने चावडरही आलं.

आता तो वाद. माशाबरोबर दूध घेतलं की अंगावर कोड उठतं, असं लहानपणापासून कानावर पडतं. कोडात त्वचेतल्या रंगपेशी नष्ट होतात. बहुतेकदा शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्यांच्यावर उलटते. आहाराच्या या जोडीचा त्याच्याशी संबंध दाखवणारा पुरावा नाही. तरी निषेधाचा आधार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या 26व्या अध्यायात मासे दुधाबरोबर खाऊ नयेत असं स्पष्ट सांगितलं आहे. दोन्ही मधुर, पण दूध शीत आणि मासा उष्ण. या विरोधाने रक्त दूषित होतं आणि शरीरातले मार्ग अडतात, असं तिथलं कारण.

हा आधार सांगणारे पुढचा भाग मात्र क्वचित सांगतात. हा अध्याय ऋषींच्या सभेतल्या चर्चेच्या रूपात आहे. त्याच सभेत एक ऋषी उठून म्हणतात की चिलिचिम नावाचा एक मासा सोडला तर बाकी सगळे दुधाबरोबर चालतील. गुरू ते मान्य करत नाहीत: कुठलाच नको, आणि चिलिचिम तर मुळीच नको. म्हणजे हा प्रश्न तेव्हाही वादाचाच होता. चिलिचिमाचं वर्णन खवल्यांचा, लाल डोळ्यांचा, लाल पट्ट्यांचा आणि बहुधा जमिनीवर फिरणारा असं आहे. ठाण्याच्या खाडीतल्या चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना तिथे थांबावंसं वाटेल, पण रोहूसारखा आकार म्हटलाय, तो निवटीला लागू पडत नाही. शिवाय त्याच अध्यायात पाळीव आणि पाण्यातल्या प्राण्यांचं मांस दूध, मध, गूळ आणि मुळ्याबरोबरही खाऊ नये असं आहे. मटणाच्या ताटात मुळ्याच्या चकत्या मात्र आपण बिनधास्त वाढतो. तेव्हा नियम पाळायचा तर पूर्ण पाळा, चावडरपुरता नको.

आणि ज्या पदार्थासाठी हा वाद, त्यात तरी दूध मुळात होतं का? बॉस्टनच्या वर्तमानपत्रात 1751 मध्ये छापलेल्या चावडरच्या कृतीत मासे, कांदा, खारवलेलं डुकराचं मांस आणि कडक बिस्किटं आहेत, दूध नाही. दूध एकोणिसाव्या शतकातलं. टोमॅटो घालावा की नाही यावर तिकडे इतकी भांडणं झाली की 1939 मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात टोमॅटोबंदीचं विधेयकच मांडलं गेलं. एकेका घटकावरून इतकं पेटणं ही काही फक्त आपली खोड नाही.

ठाणे-रायगडच्या किनाऱ्यावर माशात दूध न पडण्याचं माझ्या मते खरं कारण ग्रंथात नाही, चुलीवर आहे. इथलं कालवण आंबट असतं. आमसूल, चिंच, कैरी, यातलं काहीतरी पडतंच, आणि त्यात गाईचं दूध ओतलं की ते फाटतं. नारळाचं दूध आमसुलाबरोबर नांदतं; सोलकढी तर त्यावरच उभी आहे. म्हणून दुधाळ चवीची गरज नारळाने कधीच भागवली होती.

आज घरोघरी तोडगे वेगवेगळे निघतात. कुणी मासळी वगळून मक्याचं आणि बटाट्याचं चावडर करतात. कुणी तिसऱ्या उकडून सुटलेलं पाणी गाळून घेतात, त्यात बटाटा आणि पातीचा लसूण शिजवतात आणि शेवटी गॅस बारीक करून नारळाचं दाट दूध घालतात. उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर तेल सुटून चोथा होतो. गाईचं दूध वापरणारे आंबट काही घालत नाहीत, आणि जेवताना शेजारी सोलकढी ठेवू नका अशी तंबी घरातून मिळते.