कुत्र्याची शेपटी कुठे गेली?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा एखादा अमेरिकी किंवा युरोपीय घरगुती फोटो पाहा. पायरीवर फ्रॉकमधली मुलगी, डोळे किलकिले केलेले, आणि तिला टेकून कुत्रा. मुलगी रेखीव आलेली, कुत्र्याचं धडही. शेपटीच्या जागी मात्र धुराचा झुपका.

या झुपक्याला बहुतेक वेळा कारण असतो एक पुठ्ठ्याचा डबा. 1900 साली ईस्टमन कोडॅकने ब्राउनी नावाचा कॅमेरा एका डॉलरला विकायला काढला. पुढे एकच साधं भिंग आणि स्प्रिंगवर उघडझाप करणारी झडप, तीही ढोबळमानाने सेकंदाच्या चाळीसाव्या भागाइतकी उघडी राहणारी. स्वस्त म्हणून तो मुलांच्याही हातात गेला. रशियाच्या झारच्या मुलीसुद्धा ब्राउनी वापरत, म्हणजे राजवाड्यातल्या कुत्र्यांनाही झडप हीच.

आता हिशेब. खुशीत असलेल्या कुत्र्याच्या शेपटीचं टोक सेकंदाला दोनेक मीटर वेगाने सहज जातं. झडप उघडी असताना ते 5 सेंटिमीटर सरकतं. अडीच मीटरवरून काढलेल्या फोटोत सगळं साधारण 25 पट लहान होतं, म्हणून कागदावर फराटा उमटतो 2 मिलिमीटरचा. एवढासाच? पण पहिल्या ब्राउनीचा फोटोच जेमतेम 57 मिलिमीटरचा चौकोन, आणि त्यात मुलीचा अख्खा चेहरा सातेक मिलिमीटरचा! झोपाळू कुत्र्याची शेपटी मात्र स्वच्छ येते. त्यामुळे मला तरी तो झुपका फोटोतला दोष वाटत नाही. कुत्र्याची मनःस्थिती त्यात आपोआप नोंदली गेली आहे.

रंगाच्या बाबतीत हे फोटो जास्त फसवतात. फिल्मवरचे चांदीचे क्षार मुळात निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद देतात. 1873 मध्ये हेरमान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला आढळलं की त्यात योग्य रंगद्रव्य मिसळलं तर हिरव्याचीही जाण येते. लाल ओळखणाऱ्या काचा (तेव्हा फिल्मऐवजी लेप दिलेल्या काचाही वापरत) 1906 च्या सुमारास इंग्लंडमध्ये विकायला आल्या, पण घरगुती रोल पुढेही बरीच वर्षं तांबड्याला आंधळेच राहिले. कोडॅकचा 1931 चा व्हेरिक्रोमसुद्धा तसाच. (म्हणून तर तो लाल दिव्याखाली निर्धास्त धुता येई.) परिणामी तांबूस आयरिश सेटर कुत्रा फोटोत काळाकुट्ट येतो, पिंगट मांजर सावळं पडतं, गालावरचे फिकट ठिपके ठळक होतात आणि निळे डोळे पांढुरके. आपल्याकडच्या त्या काळच्या फोटोंत पणजीचं कुंकू काळं दिसतं, ते याच कारणाने. तेव्हा जुन्या फोटोवरून कुत्र्याचा रंग कुणी छातीठोकपणे सांगू लागलं, तर जरा थांबावं.

मुलीचे डोळे किलकिले का? भिंग लहान, फिल्म मंद, त्यामुळे लख्ख ऊन हवंच. फोटो काढणाऱ्याने सूर्य पाठीशी घेऊन उभं राहायची तेव्हाची रीत, म्हणजे ऊन थेट मुलीच्या डोळ्यांत. मग खालच्या कडेला फोटो काढणाऱ्याची टोपीसकट सावली यायची. पहिल्या ब्राउनीला डोळा लावायची सोयच नव्हती. डबा पोटाशी धरायचा आणि वरच्या रेघांवरून नेम साधायचा. त्यामुळे भिंग आपसूक मुलांच्या उंचीवर येई. मुलगी सांगितल्याप्रमाणे भिंगाकडे बघते. कुत्र्याला डब्याशी काय देणंघेणं? त्याची नजर चौकटीच्या वर कुठेतरी, सावलीच्या मालकाच्या तोंडाकडे.