हलकी रायफल, लांबचा नेम: वजन नेमकं कुठून काढायचं?

दिवसभर डोंगर चढायचा आणि मग पोटावर पडून सहाशे-आठशे मीटरवरच्या पोलादी पाटीवर नेम धरायचा. अशा नेमबाजीत रायफलीकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. चालताना ती खांद्याला जाणवू नये आणि चाप ओढताना ती जागची हलू नये. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धाप्रकारात खुल्या गटात १० किलोपर्यंतची रायफल चालते, तर एफ-टीआर गटात ८.२५ किलोपर्यंतची. तिथले नेमबाज या मर्यादेच्या जवळ जायलाच बघतात, कारण रायफलीतलं वजन काम करत असतं. डोंगरासाठी बनवलेल्या रायफली मात्र अडीच-तीन किलोंच्या असतात. मधले पाच-सात किलो गेले की ते करत असलेलं कामही गेलं. म्हणून अशी रायफल निवडताना ती किती हलकी आहे हे मी नंतर बघतो. वजन कुठून काढलंय हे आधी बघतो.

सुरुवात धक्क्यापासून करू. ६.५ क्रीडमूर हे हॉर्नाडी कंपनीचं २००७ सालचं काडतूस उदाहरणाला घेऊ. त्याची ९ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने सुटते आणि तिच्या मागोमाग पावणेतीन ग्रॅम दारूचा वायू त्याहूनही जोरात बाहेर पडतो. या दोघांचा मिळून जितका संवेग, तितकाच उलट दिशेने रायफलीला मिळतो. त्यामुळे ५ किलोची रायफल सेकंदाला साधारण २ मीटर वेगाने मागे येते आणि २.७ किलोची जवळजवळ ४ मीटर वेगाने. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. हिशेब केला तर जड रायफलीत ती ११-१२ जूल भरते आणि हलकीत २१ जूल.

खांदा दुखणं हा त्यातला किरकोळ भाग. खरी अडचण अशी की गोळी नळीत असतानाच रायफल हलायला लागलेली असते. गोळी नळीत जेमतेम एक-सव्वा मिलिसेकंद असते. तेवढ्यात ५ किलोची रायफल एक मिलिमीटरहून थोडी जास्त मागे सरकते आणि २.७ किलोची जवळजवळ दोन मिलिमीटर. सरळ मागे सरकली असती तर बिघडलं नसतं. पण नळीची मध्यरेषा खांद्यावरच्या टेकूच्या वर असते, त्यामुळे मागे येताना तोंड वर उचललं जातं. ते किती उचललं जाईल हे गाल किती दाबलाय, खांद्याने किती रेटलंय, दस्त्याखालची (दस्ता म्हणजे नळी जिच्यात बसते आणि जी खांद्याला टेकते ती चौकट) पिशवी मऊ आहे की घट्ट, यावर ठरतं. आता आकडा बघा. ५६ सेंटिमीटरच्या नळीचं तोंड मागच्या टोकाच्या मानाने केसाच्या जाडीइतकं वर गेलं, तर ८०० मीटरवर गोळी सुमारे १० सेंटिमीटर वर लागते. जड रायफल नेमबाजाच्या अशा लहानसहान चुका पोटात घालते, हलकी त्या सगळ्या कागदावर काढून दाखवते.

यातून पहिला निर्णय निघतो, तो रायफलीचा नसून काडतुसाचा. लांब पल्ला म्हटलं की अनेकांचा हात मॅग्नमकडे, म्हणजे जास्त दारूच्या जोरकस काडतुसांकडे जातो. .३०० विंचेस्टर मॅग्नमचा धक्का त्याच २.७ किलोच्या रायफलीत ४५ जूलच्या पुढे जातो. असा धक्का आठ-दहा वेळा बसला की शरीर आपणहून शिकतं, चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतात आणि खांदा पुढे जातो. ही सवय एकदा लागली की सुटायला फार दिवस लागतात. हलक्या रायफलीत सौम्य काडतूसच हवं, असं माझं ठाम मत आहे. ६.५ मिलिमीटरच्या लांब, निमुळत्या गोळ्यांना हवा कमी अडवते, म्हणून थोड्या दारूतही त्या आपला वेग टिकवून धरतात. अर्थात वारा त्यांनाही सोडत नाही. सेकंदाला ४ मीटरचा आडवा वारा ८०० मीटरवर या गोळीला एक मीटरहून जास्त बाजूला नेतो. वाऱ्याचा अंदाज कितीही महाग रायफलीने सुधारत नाही, तो सरावानेच सुधारतो, आणि धक्का सौम्य असेल तरच माणूस भरपूर सराव करतो. नळीच्या तोंडावर मझल ब्रेक लावला तर धक्का बराच कमी होतो, कारण तो वायूला बाजूला वळवतो. पण आवाजही तुमच्याकडे आणि शेजारच्याकडे वळतो. ब्रेक असो वा नसो, कानांवर संरक्षण हवंच.

आता नळी. माझ्या लेखी सगळ्यात जास्त विचार इथे करायचा असतो, कारण कारखान्यात वजन उतरवायची सगळ्यात सोपी जागा हीच. नळी बारीक कातली की झालं. पण गोल दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. सरासरी २२ मिलिमीटर जाडीची नळी १६ मिलिमीटरवर आणली तर तिचं वजन निम्मं होतं आणि ताठपणा जवळजवळ पाव उरतो. गोळी सुटताना नळी छडीसारखी थरथरते. बारीक नळीचं तोंड जास्त हेलकावतं, आणि प्रत्येक गोळी त्या हेलकाव्याच्या किंचित वेगळ्या क्षणी बाहेर पडली की गट, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, पसरतो.

त्यात उष्णतेची भर पडते. दारूच्या ऊर्जेपैकी ढोबळ मानाने तीसेक टक्के नळीत मुरते, म्हणजे आपल्या उदाहरणात दर गोळीला सुमारे ३ किलोजूल. दीड किलोची नळी त्याने सरासरी चार अंशांनी तापते आणि पाऊण किलोची आठ अंशांनी. पाच गोळ्या भराभर झाडल्या की बारीक नळीवरची हवा थरथरताना दुर्बिणीतून दिसते आणि पाटीचा मधला ठिपका पाण्याखाली असल्यासारखा डोलतो. नळी बनवताना पोलादात राहून गेलेले ताण गरम झाल्यावर मोकळे होऊ लागतात आणि नळी एका बाजूला ओढली जाते. अशी एक देखणी, हलकी रायफल मी वापरलेली आहे. पहिल्या तीन गोळ्या नाण्याखाली झाकल्या जातील अशा लागायच्या आणि चौथीपासून प्रत्येक गोळी उजवीकडे वर चढायची. थांबून नळी गार केली की पुन्हा पहिल्या जागी. दोष तिचा म्हणता येणार नाही, तेवढ्या पोलादात तेवढीच उष्णता मावते.

मग काय करायचं? माझं उत्तर आहे, नळी बारीक घेण्याऐवजी आखूड घ्या. टोकावर तोच जोर आला तर नळी किती वाकेल हे लांबीच्या तिसऱ्या घाताने ठरतं. ६६ सेंटिमीटरऐवजी ५१ सेंटिमीटरची नळी घेतली तर ती दुपटीहून जास्त ताठ होते आणि वजनही उतरतं. बदल्यात गोळीचा वेग सेकंदाला ४० मीटरच्या आसपास घटतो. लांबवर गोळी थोडी जास्त खाली येते, पण तिचं खाली येणं गणितात बसतं आणि दुर्बिणीवरच्या, नेम वर-खाली करणाऱ्या चकतीवर आकडा फिरवून भरून काढता येतं. ८०० मीटरवर तशीही ती पाच मीटरहून जास्त खाली आलेली असते, आणखी अर्धा मीटर चकतीला जड नाही.

दुसरा मार्ग कार्बन फायबरचा. यात आतली पोलादी नळी बारीक कातून तिच्यावर कार्बन धाग्यांचं जाड वेष्टण चढवतात. पोलादाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याच्या घनतेचं हे द्रव्य बाहेरच्या बाजूला, म्हणजे जिथे ताठपणाला सर्वांत उपयोगी तिथे बसतं. कल्पना उत्तम आहे. पण वेष्टणातली चिकट राळ उष्णता आरपार सहज जाऊ देत नाही, तेव्हा बाहेरून हात लावून नळी गार वाटली तरी आतलं पोलाद गार असेलच असं नाही.

दस्त्यातून वजन काढणं मला सगळ्यात पटतं, फक्त तो ताठ राहायला हवा. लाकडी दस्ता किलोच्या पुढे सहज जातो आणि दमट हवेत फुगून नळीला टेकूही शकतो. चांगला कार्बन फायबरचा दस्ता त्याच्या निम्म्या-पाऊण वजनात ताठ राहतो. साच्यात ओतलेला स्वस्त प्लास्टिकचा दस्ताही हलका असतो, पण तो वाकतो. दुकानात हे तपासायला एक कागद पुरतो. रिकाम्या रायफलीच्या नळीखालून, दस्त्याच्या पुढच्या टोकापासून कागद मागे सरकवत न्या. तो कुठेही अडकता कामा नये. मग रायफल तिच्या दुपायावर ठेवून खांद्याने पुढे रेटा आणि कुणाला तरी पुन्हा कागद सरकवायला सांगा. आता अडकला, तर ती नळी प्रत्येक वेळी वेगळ्या दाबाने दस्त्याला टेकणार. सगळेच नळी मोकळी ठेवत नाहीत हेही खरं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातले मेल्विन फोर्ब्स यांनी सव्वादोन किलोच्या आसपासच्या रायफली बनवल्या, त्यात बारीक नळी पूर्ण लांबीभर अतिशय ताठ दस्त्यात बसवलेली असे. दस्ता तेवढा ताठ असेल तरच हे जमतं.

बोल्ट, म्हणजे काडतुसामागून नळी बंद करणारा अडसर, आणि त्याचं घर याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. १८९८ च्या जर्मन माउझर रायफलीपासून मूळ रचना तीच आहे. दांडा खाली केला की बोल्टच्या तोंडाजवळचे दोन खांदे घरातल्या खाचांत अडकतात आणि गोळी बाहेर पडेपर्यंत काहीही सुटं हलत नाही. टायटॅनियमचं घर घेतलं तर काहीशे ग्रॅम वाचतात, किंमत मात्र बरीच चढते. माझ्याकडे पैसे मोजकेच असतील तर ते मी चांगल्या चापावर घालीन. २.७ किलोच्या रायफलीला दीड किलो जोराने ओढावा लागणारा चाप असेल तर बोटाचा जोर रायफलीच्या निम्म्या वजनापेक्षा जास्त होतो आणि ओढतानाच ती वळते. सात-आठशे ग्रॅमचा स्वच्छ तुटणारा चाप हवा. दुर्बीण निवडतानाही हेच भान ठेवा. एक किलोची दुर्बीण हलक्या रायफलीवर बसवली की ती वरून जड होते आणि दुपायावर कलंडायला बघते, शिवाय एवढ्या खटपटीने उतरवलेलं वजन परत चढतं.

आणि शेवटी, तीन गोळ्या किती जवळजवळ लागतात हे सांगणारी रायफलींची जाहिरात. तीन गोळ्यांचा गट हा रायफलीचा खरा पसारा नसतो. तीच रायफल, तोच नेमबाज, पण दहा गोळ्या झाडल्या तर गट सरासरीने दीडपटीहून मोठा येतो, आणि यात रायफल बिघडलेली नसते, नुसती संख्याशास्त्राची गंमत असते. जड रायफलीच्या दहा गोळ्या सलग झाडून बघता येतात. हलकीच्या झाडल्या तर उष्णता मध्ये येते, आणि डोंगरात तिच्याकडून बहुतेक वेळा गार नळीतून एक-दोनच गोळ्या हव्या असतात. म्हणून मी एकच कागद जपून ठेवतो. दर वेळी रेंजवर गेलं की नळी गार असताना, सगळ्यांत आधी, त्याच कागदावर १०० मीटरवरून एकच गोळी. बाजूला तारीख आणि तापमान. दहा खेपांनी दहा भोकं होतात, आणि वारा व गोळीच्या वेगातला फरक सोडला तर ८०० मीटरवर आपल्याला काय मिळणार आहे हे त्या कागदावर पट्टी ठेवून, आलेला आकडा आठने गुणून काढता येतं.