एअर रायफलची बॅरल आणि पॉइंट टू-टूची बॅरल: सफाई एक नाही

ठाण्यात किंवा नवी मुंबईत घरातलं पोर शूटिंगला जायला लागलं की पहिली रायफल येते ती एअर रायफल. तिच्या मागोमाग सफाईचा सल्ला येतो, तो मात्र भलत्याच रायफलचा. सल्ला देणारे म्हणजे एनसीसी केलेले वडील, नाहीतर पोलिसांतून निवृत्त झालेले काका. दोघंही मनापासून सांगतात आणि ज्या हत्याराबद्दल सांगतात त्यापुरतं बरोबरच सांगतात. पण पुलथ्रू (बॅरलमधून ओढायची दोरी), चिंदी, पितळी ब्रश आणि शेवटी तेलाचा हात ही रीत बंदुकीची दारू जळणाऱ्या बॅरलची, म्हणजे नळीची, आहे. एअर रायफलमध्ये काहीच जळत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे चांगल्या रायफली दुरुस्तीला जाताना मी वर्षानुवर्षं बघतोय, आणि दर पावसाळ्यात तेच प्रश्न नव्याने ऐकतोय.

वरवरचे फरक सगळ्यांना माहीत असतात. एअर रायफल ४.५ मिमीची, अंतर १० मीटर. पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ ची काडतुसाची रायफल, ५.६ मिमीची, अंतर ५० मीटर, आणि तिला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. अभिनव बिंद्राचं २००८ चं सुवर्ण आणि गगन नारंगचं २०१२ चं कांस्य एअर रायफलचं. तेजस्विनी सावंतचं २०१० चं विश्वविजेतेपद आणि स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं पॅरिसमधलं कांस्य पॉइंट टू-टूचं. आपल्या भागात एअर रायफलच जास्त, कारण १० मीटरची रेंज एखाद्या हॉलमध्येही बसते. पनवेलला सुमा शिरूर यांनी लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला, त्या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत होत्या. ५० मीटरसाठी मात्र पुण्याच्या बालेवाडीसारख्या मोठ्या संकुलाची वाट धरावी लागते. त्यामुळे होतं काय, की मुलं सुरुवात एअर रायफलवर करतात, दोन-तीन वर्षांनी त्यातली काही पॉइंट टू-टूकडे वळतात, आणि दोन्हींच्या सवयी एकमेकींत मिसळतात.

आता मुद्द्याचं. गोळी किंवा पेलेट (एअर रायफलचा शिशाचा छर्रा) सुटून गेल्यावर बॅरलमध्ये मागे काय उरतं?

पॉइंट टू-टूमध्ये काडतुसाच्या कडेत पेटणारं मिश्रण असतं. त्यात शिशाचे आणि बेरियमचे क्षार असतात, आणि घर्षण वाढावं म्हणून बऱ्याच काडतुसांत काचेची पूडही घातलेली असते. ते पेटून दारू पेटवतं. गोळी नुसत्या शिशाची, वरून मेणासारखं वंगण लावलेली, वजन साधारण २.६ ग्रॅम, वेग सेकंदाला ३२० मीटरच्या आसपास. म्हणजे मागे उरतो जळका कार्बन, काचेचे कण, थोडं शिसं आणि मेण. हा मळ बॅरलभर सारखा पसरत नाही. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) संपून पिळाच्या खाचा सुरू होतात तिथे तो साठतो आणि काही शे राउंडनंतर त्याचं कडक कडं तयार होतं. ते कोरड्या चिंदीने हलत नाही. त्याला सॉल्व्हंट, म्हणजे मळ विरघळवणारा द्रव लागतो, तो मुरायला दहा-पंधरा मिनिटं द्यावी लागतात, मग ब्राँझचा ब्रश मारावा लागतो. पुढच्या भागातला मेणाचा पातळ थर मात्र कामाचा असतो. तो सारखा बसलेला असेपर्यंत गोळ्या एका जागी पडतात. बॅरल आरशासारखी लख्ख झाली की काम झालं असं मानणारे त्या थरावर उगाच हात चालवत बसतात.

एअर रायफलमध्ये आग नाही, म्हणून कार्बन नाही, काच नाही, मेणही नाही. स्पर्धेच्या एअर रायफलचा पेलेट सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगाने जातो, पॉइंट टू-टूच्या जेमतेम निम्म्याने. तो जाताना शिशाची करडी भुकटी मागे सोडतो आणि पेलेटवर कारखान्यातून आलेलं किंचित तेल त्या भुकटीला धरून ठेवतं. बस, एवढाच मळ. तो मऊ असतो, सैल असतो आणि कोरड्या फेल्टने (दाबलेल्या लोकरीच्या बोळ्याने) निघून येतो. सॉल्व्हंट विरघळवतो कार्बन, आणि इथे कार्बनच नाही, तेव्हा त्याने साधायचं ते काही नाही. ब्राँझचा ब्रश कडक कडं फोडण्यासाठी असतो, इथे कडंही नाही. उलट बऱ्याच एअर बॅरल तोंडाजवळ, पेलेट बाहेर पडतो त्या टोकाशी, अगदी किंचित आवळलेल्या असतात, पेलेट सुटण्याआधी शेवटचा नीट पकडला जावा म्हणून. तिथे धातूचा ब्रश मागे-पुढे घासणं ही मला न बघवणारी गोष्ट आहे. बॅरलचा सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग आपण आपल्या हाताने झिजवतो.

तेलाचं सांगताना एअर रायफलचेही दोन प्रकार वेगळे धरायला हवेत, कारण नुकसान दोन वेगळ्या वाटांनी होतं.

पहिली स्प्रिंगची, बॅरल खाली वाकवून कॉक करायची, म्हणजे स्प्रिंग आवळून ठेवायची. ट्रिगर ओढला की पिस्टन धाडकन पुढे येतो आणि समोरची हवा क्षणात दाबली जाते. अशी दाबलेली हवा प्रचंड तापते. बॅरलमधून ओघळलेलं तेल त्या जागेत पोचलेलं असेल तर ते पेटतं. डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय इंधन पेटतं ते याच तत्त्वाने. मोठा आवाज होतो, तोंडातून धूर येतो, पेलेटचा वेग एकदम वाढतो. आणि नेमकं हे बघून घरातले खूश होतात की तेल दिल्यावर बंदुकीत जोर आला. तो जोर पिस्टनचं सील जाळून आणि स्प्रिंगला उलटा दणका देऊन आलेला असतो. धूर निघाला की शूटिंग तिथेच थांबवायचं, कोरडे फेल्ट ओढायचे आणि तेलाची बाटली कपाटात परत ठेवायची.

दुसरी स्पर्धेची, सिलिंडरमध्ये २०० बार दाबापर्यंत हवा भरलेली. इथे शॉट सुटताना हवा प्रसरण पावते, त्यामुळे तापत नाही, थंडच होते. म्हणून बरेच जण म्हणतात की हिला तेल चालतं. नाही चालत. पेलेट बसतो तिथे रबराची बारीक रिंग असते, हवा मागे निसटू नये म्हणून. खनिज तेलाने काही प्रकारची रबरं फुगतात, मऊ पडतात, आणि मग वेग शॉटागणिक बदलायला लागतो. लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे हा बदल लगेच दिसतो आणि बिचारं पोर आपला श्वास चुकला, ट्रिगर चुकला असं शोधत बसतं. शिवाय बॅरलमध्ये तेलाचा थर असला की पहिले कितीतरी पेलेट वाट्टेल तिथे जातात. सिलिंडर भरायच्या तोंडाशी तर तेल-ग्रीसचा डागही नको. भरताना हवा झपाट्याने दाबली जाते, तापते, आणि तिथलं खनिज तेल पेट घेऊ शकतं. सीलना वंगण लागतंच, पण ते सिलिकॉनचं, उत्पादकाने सांगितलेलं, त्याने सांगितलेल्या जागी आणि थेंबभर. बॅरलच्या आत नाही. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, गंज सोडवायचा स्प्रे ही तिन्ही मला रायफलच्या पेटीत दिसली की मी बाहेर काढून ठेवायला लावतो. खोबरेल तर थंडीत थिजतं आणि एरवी चिकट राप धरतं.

उकळत्या पाण्याचंही एकदा सांगून टाकतो. जुने पोलीस आणि फौजी बॅरलमध्ये उकळतं पाणी ओतायला सांगतात. ते .३०३ या जुन्या फौजी रायफलीच्या काळातलं खरंखुरं शास्त्र आहे. त्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनामुळे मागे मिठासारखा क्षार उरायचा, तो हवेतलं पाणी ओढायचा आणि एका रात्रीत बॅरल गंजायची. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो, म्हणून आधी पाणी आणि मग तेल. आजच्या पॉइंट टू-टूच्या काडतुसात तसा क्षार उरत नाही, त्यामुळे तिला पाण्याची गरज नाही. एअर रायफलच्या बॅरलमध्ये पाणी ओतायचा तर विचारही मनात आणू नका.

दोन्ही बॅरलना सारखा लागू होणारा नियम एकच आहे आणि तोच सर्रास मोडला जातो: सफाई मागून पुढे, ज्या दिशेने गोळी जाते त्याच दिशेने. तोंडाची कड सगळीकडून हुबेहूब सारखी असली तरच मागची हवा किंवा वायू गोळीला सगळ्या बाजूंनी सारखा सोडतो. पुढून रॉड खुपसला की ती कड घासते. पुलथ्रूची दोरी तिरकी ओढली तरी घासते. फौजेतल्या जुन्या रायफलींच्या तोंडाला दोरीने पडलेल्या खाचा हा माहीत असलेला आजार आहे. दोरी ओढायची ती बॅरलच्या सरळ रेषेत, एका दमात.

त्याआधी अर्थात रायफल रिकामी असल्याची खात्री. पॉइंट टू-टूचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) काढून बाजूला ठेवायचा. एअर रायफल उघडून बघायची, आणि सेफ्टी फ्लॅगची (रायफल रिकामी असल्याची खूण म्हणून घालायची) दोरी बॅरलमधून आरपार गेली की आत पेलेट अडकलेला नाही हेही कळतं.

एअर रायफलचं काम मग पाच मिनिटांचं. प्लास्टिकचं आवरण असलेली बारीक दोरी मागून घालायची, तोंडातून बाहेर काढायची, मागच्या टोकाला ४.५ मिमीचा कोरडा फेल्ट अडकवून पुढे ओढायची. पहिला फेल्ट काळा येतो, दुसरा करडा, तिसरा-चौथा जवळपास पांढरा. तिथे थांबायचं. फेल्ट पेलेटसारखे झाडूनही सफाई करतात. सिलिंडरच्या रायफलमध्ये ते चालून जातं, पण स्प्रिंगच्या रायफलमध्ये एकटा फेल्ट इतका हलका पडतो की पिस्टन जवळजवळ मोकळाच आपटतो. मला दोन्हीकडे दोरीच पसंत आहे. किती दिवसांनी, असं विचाराल तर दिवसांवर मोजू नका. पेलेटचा ५०० चा डबा संपला की एकदा, एवढं पुरे. रोज रात्री फेल्ट ओढणाऱ्यांना मी थांबवतो, कारण सफाईनंतर शिशाचा पातळ थर परत बसायला दहा-वीस पेलेट जातात आणि तोवरचे शॉट विश्वासाचे नसतात. याच कारणाने जिल्हा स्पर्धेच्या आदल्या रात्री कुठलीही बॅरल साफ करू नये. करायची तर दोन-तीन दिवस आधी, आणि नंतर एक सराव झालेला असावा. स्पर्धेआधीच्या पंधरा मिनिटांच्या तयारीच्या वेळात साइटर, म्हणजे गुणांत न धरले जाणारे शॉट, हवे तितके मारता येतात हे खरं, पण ते साइट लावण्यासाठी असतात, बॅरल बसवण्यासाठी नाही.

पॉइंट टू-टूचं एनसीसीवाल्यांना फार सांगायला नको. फक्त दोन सुधारणा. दोरीऐवजी एकसंध, आवरण असलेला रॉड वापरा, मागून, चेंबरमध्ये रॉड सरळ धरणारा गाइड बसवून. आणि चेंबरच्या पुढच्या कड्यावर खास लक्ष द्या, बाकी बॅरलला सॉल्व्हंटची एक-दोन ओली आणि मग कोरडी चिंदी पुरते. तांबं काढणारे अमोनियाचे उग्र सॉल्व्हंट इथे नकोत. साध्या शिशाच्या गोळीवर तांबं नसतंच.

राहिला पावसाळा, कारण तेलाचा आग्रह येतो तो गंजाच्या भीतीने, आणि खाडीकाठच्या आपल्या हवेत ती भीती रास्त आहे. पण गंज चढतो कसा ते बघा. एसी हॉलमध्ये दोन तास गार झालेली रायफल जुलैत घोडबंदर रोडला बाहेर आणली आणि पेटी उघडली की पोलादावर दव धरतं, आतही आणि बाहेरही. म्हणून घरी पोचल्यावर पेटी लगेच उघडायची नाही. तासभर बंद ठेवून घरातल्या हवेइतकी होऊ द्यायची, मग उघडून रायफल बाहेरून पुसायची, एक कोरडा फेल्ट ओढायचा. त्यानंतर ती पेटीतल्या फोममध्ये महिनाभर बंद ठेवू नये, फोम ओल धरून ठेवतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदला. बाहेरच्या धातूवर तेलाचं फडकं फिरवा, ते दोन्ही रायफलींना चालतं. पॉइंट टू-टूच्या आतही गन ऑइलचा पातळ हात द्या आणि पुढच्या वेळी शूटिंगआधी कोरड्या चिंदीने तो काढा. एअर रायफल नियमित वापरात असेल तर आत काहीही लावू नका. दहावी-बारावीच्या वर्षी रायफल खरोखर महिनोन्‌महिने पडून राहणार असेल, तर एका फेल्टवर गन ऑइलचा एकच थेंब, तो नीट मुरवून, एकदा ओढायचा आणि रायफल तोंड खाली करून ठेवायची, म्हणजे तेल मागे सील आणि पिस्टनकडे उतरणार नाही. परत सुरू करताना पांढरा येईपर्यंत कोरडे फेल्ट.

आणि हे सगळं जेवणाच्या टेबलावर नको. दोन्ही बॅरलमधून निघणारा काळा-करडा मळ शिशाचा आहे आणि शिसं लहान मुलांना सगळ्यात जास्त बाधतं. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा, वापरलेले फेल्ट आणि चिंध्या पिशवीत बांधून टाका, टेबल ओल्या फडक्याने पुसा. झाडू मारला तर ती भुकटी घरभर उडते. पोरांना साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावा, मगच जेवणाच्या डब्याला हात लावू द्या.