स्केल बार कुठून आला? वास्तुकलेच्या शोधनिबंधाची पार्श्वभूमी

वास्तुकलेच्या संशोधन पत्रिकेला निबंध पाठवायचा म्हटले की लेखकांसाठीच्या सूचनांचे पत्रक समोर येते. आकृत्या मजकुरात घालू नका, स्वतंत्र फाइलमध्ये द्या. प्रत्येक प्लॅनवर स्केल बार, म्हणजे चित्रातले किती अंतर प्रत्यक्षात किती मीटर ते दाखवणारी छोटी पट्टी, आणि उत्तरदिशा हवी. तळटिपा अमुक पद्धतीनेच हव्यात, किंवा अजिबात नकोत. नाव, संस्था, आभार, सगळे काढून टाका. बहुतेक जण हे पत्रक निबंध लिहून झाल्यावर, पाठवायच्या आदल्या रात्री वाचतात आणि ‘काय ही कारकुनी’ म्हणून वैतागतात. वैताग रास्तच आहे. पण यातले बरेचसे नियम कधीतरी कुणाच्या तरी खऱ्याखुऱ्या अडचणीतून आले आहेत, आणि ती अडचण पुन्हा पुन्हा एकच दिसते: काढलेले चित्र वाचकाच्या हाती पडेपर्यंत खरे कसे राहील?

इटालियन वास्तुविशारद लिओन बात्तिस्ता आल्बेर्तीला ही अडचण छापखाना येण्याआधीच छळत होती. पंधराव्या शतकाच्या मध्याला त्याने वास्तुकलेवर दहा भागांचा लॅटिन ग्रंथ लिहिला. ग्रंथ हाताने नकलून काढले जात. रोमन अंकांत एखादी उभी रेघ राहून गेली की बाराचे अकरा होत आणि खांबाचे प्रमाण बिघडे. म्हणून खांबांची मापे देताना त्याने ग्रंथातच नकलनविसांना विनंती केली आहे की संख्या अंकांत लिहू नका, पूर्ण अक्षरांत लिहा. आकृत्यांच्या भरवशावर तर तो राहिलाच नाही. संख्येची ही गत, तर कमानीच्या वळणाचे काय होईल! रोम शहराचा नकाशासुद्धा त्याने चित्र म्हणून दिला नाही. एका मध्यबिंदूपासून कोन आणि अंतर अशी यादी दिली, म्हणजे वाचकाने आपल्या कागदावर तो पुन्हा काढावा. आज आपण याला निबंधासोबतचा डेटासेट म्हणू. ग्रंथ 1485 मध्ये फ्लॉरेन्सला छापला गेला तेव्हा आल्बेर्ती हयात नव्हता, आणि त्या छापील प्रतीतही चित्रे नव्हती. सूचनापत्रकाचा उगम शोधायचाच झाला तर मी तो इथे धरेन. फरक एवढाच की तिथे लेखक प्रत करणाऱ्याला बजावत होता, आता प्रत छापणारा लेखकाला बजावतो.

छपाई रुळली आणि लाकडी ठशांनी चित्रांचा प्रश्न बराचसा सोडवला. ठसा अक्षरांच्या खिळ्यांच्या शेजारी बसवता येई, त्यामुळे मजकूर आणि आकृती एकाच पानावर, एकाच दाबात छापली जाई. व्हेनिसमध्ये 1511 साली फ्रा जोकोंदोने रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसच्या प्राचीन ग्रंथाची सचित्र आवृत्ती काढली, 1537 पासून सेर्लिओची पुस्तके येऊ लागली, आणि 1570 मध्ये वास्तुविशारद पल्लाडिओने चार भागांचा ग्रंथ छापला. पल्लाडिओच्या प्लॅनवर प्रत्येक खोलीत लांबी-रुंदीचे आकडे आहेत. गावागावाचा फूट वेगळा असण्याचा तो काळ, म्हणून तो व्हिचेंझाचा फूट वापरतो हेही त्याने सांगितले. चित्र लहानमोठे झाले तरी आकडा बदलत नाही, ही त्यातली हुशारी.

पण पल्लाडिओने एक घोटाळाही मागे ठेवला. ग्रंथातल्या त्याच्या इमारती प्रत्यक्षातल्या इमारतींशी तंतोतंत जुळत नाहीत. काही अर्धवट राहिलेल्या वास्तू त्याने पुस्तकात पूर्ण केल्या, काहींची मापे नीटनेटकी करून टाकली. मोजलेले आणि मनातले एकाच रेषेत आले. आजच्या निबंधात आकृतीखाली ‘लेखकाने जागेवर मोजून काढलेला आराखडा’ किंवा ‘मूळ नकाशावरून पुन्हा रेखाटलेला’ असे लिहायला लावतात, ते यासाठीच. ही ओळ गाळली तर आकृतीची किंमत सजावटीइतकीच उरते, असे माझे मत.

अठराव्या शतकात मोजमापाचा आग्रह भांडणापर्यंत गेला. ज्यूलियँ-दाव्हिद ल रॉयने ग्रीक अवशेषांवरचे आपले देखणे पुस्तक 1758 मध्ये काढले. जेम्स स्ट्युअर्ट आणि निकोलस रेव्हेट त्याच्या आधीच अथेन्सला जाऊन मोजमापे घेऊन आले होते, पण त्यांचा पहिला खंड निघाला 1762 मध्ये. उशीर झाला खरा, पण त्यांनी ल रॉयच्या चुका नेमक्या दाखवल्या, त्याही आकड्यांनिशी. आधीच्या अभ्यासकाने काय म्हटले, त्यात काय चुकले आणि आपण काय मोजले, हा क्रम आजच्या कुठल्याही निबंधाच्या पहिल्या दोन पानांत सापडतो. फक्त ल रॉयबद्दलचा त्यांचा सूर आजच्या परीक्षकाने चालवून घेतला नसता.

नियतकालिक हा प्रकार तोवर जुना झाला होता. पॅरिस आणि लंडनमधली पहिली विद्वत्पत्रे 1665 सालची. वास्तुकलेला आपले नियतकालिक मिळायला मात्र एकोणिसावे शतक उजाडले: व्हिएन्नात 1836 मध्ये फोर्स्टरचे, पॅरिसमध्ये 1840 मध्ये सेझार दालीचे, लंडनमध्ये 1843 च्या तोंडावर ‘द बिल्डर’. ब्रिटिश वास्तुविशारदांची संस्था 1834 ची, आणि तिनेही लवकरच सभांत वाचलेले निबंध छापायला घेतले. ग्रीक शिल्पे आणि मंदिरे मुळात रंगवलेली होती का, या वादात त्या संस्थेच्या समितीने लंडनमधल्या पार्थेनॉनच्या संगमरवरांची तपासणी केली आणि रंगाच्या अंशांसाठी मायकेल फॅरडेची मदत घेतली. वास्तुकलेच्या प्रश्नावर रसायनशास्त्रज्ञाचा पुरावा! पुढे या क्षेत्रात जी दोन घराणी झाली, त्यांची चाहूल इथेच लागते.

त्याआधी छपाईची एक गोष्ट सांगायला हवी. मोठे तपशीलवार आराखडे धातूच्या पत्र्यावर कोरले जात. कोरलेल्या खाचांतली शाई कागदावर यायला वेगळे यंत्र लागे, बहुधा जाड कागदही. म्हणून अशी चित्रे स्वतंत्र छापून अंकाच्या शेवटी बांधत. वाचणाऱ्याने पान उलटून नेमके तेच चित्र शोधावे, तर त्याला क्रमांक हवा आणि मजकुरात त्या क्रमांकाचा उल्लेखही हवा. पत्रा गेला, यंत्र गेले. पण ‘आकृती 3 पाहा’ राहिले, आकृत्यांची वेगळी यादी राहिली, आणि चित्रे वेगळ्या फाइलमध्ये देण्याचा नियमही राहिला. त्या नियमाला आता दुसरे कारण मिळाले आहे: वर्डच्या फाइलमध्ये चिकटवलेले चित्र दाबले जाते आणि त्याचा दर्जा घसरतो.

आता घराणी. पहिले इतिहासकारांचे. अमेरिकेत 1940 मध्ये वास्तु-इतिहासकारांची संस्था सुरू झाली आणि 1941 पासून तिची पत्रिका. इथे पुरावा म्हणजे पत्रव्यवहार, करार, जुने नकाशे. असा पुरावा कंसातल्या नाव-सालात मावत नाही. ‘हे पत्र अमुक संग्रहात, अमुक पेटीत आहे, तारीख मागाहून घातलेली दिसते’ एवढे सांगायला टीपच लागते. त्यामुळे या घराण्यात टिपांची पद्धत टिकली. शिकागोच्या विद्यापीठ मुद्रणालयाची नियमावली 1906 पासून निघते आहे, तिचा आधार ही मंडळी आजही घेतात.

दुसरे घराणे प्रयोगशाळेचे. लेखकाचे नाव आणि साल कंसात देण्याच्या पद्धतीचे श्रेय सहसा हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांना, त्यांच्या 1881 च्या गोगलगायींच्या अंड्यांवरील निबंधासाठी देतात. उजेड, उष्णता, आवाज यांवर लिहिणाऱ्याला हीच पद्धत सोयीची, कारण त्याला आडनाव आणि साल पुरते. विसाव्या शतकात वैज्ञानिक निबंधाने प्रस्तावना, पद्धत, निष्कर्ष, चर्चा असा चौकोनी साचा धरला, आणि तो साचा वास्तुकलेत आला तो याच दारातून.

दार उघडले 1958 मध्ये. त्या वर्षीच्या ऑक्सफर्ड परिषदेत ब्रिटनमधल्या वास्तुशिक्षणाला विद्यापीठात आणण्याचा आणि त्याला संशोधनाचा पाया देण्याचा आग्रह धरला गेला. परिषदेमागे असलेल्या लेस्ली मार्टिन यांनी 1967 मध्ये केंब्रिजला जमिनीचा वापर आणि इमारतींचे आकार यांचा गणिती अभ्यास करणारे केंद्र काढले. विद्यापीठ म्हटले की पीएचडी आली, बढती आली, आणि दोन्हींसाठी छापील निबंध आले. मग पत्रिकाही आल्या: लायनेल मार्च यांची 1974 मध्ये, डिझाइनच्या अभ्यासाला वाहिलेली 1979 मध्ये, आणि दोन्ही घराण्यांना एका मांडवाखाली आणू पाहणाऱ्या दोन ब्रिटिश पत्रिका 1995 आणि 1996 मध्ये.

साच्याबद्दल माझी तक्रार आहे ती इथे. वास्तुसमीक्षक कॉलिन रो यांनी 1947 मध्ये पल्लाडिओच्या आणि विसाव्या शतकातल्या ल कॉर्ब्युझिएच्या एकेका व्हिलाची तुलना करणारा निबंध लिहिला. दोन इमारती, दोघींच्या गाळ्यांची एकच लय दाखवणाऱ्या साध्या रेषाकृती. सगळा युक्तिवाद त्या आकृत्यांत आहे, मजकूर त्यांच्या बोटाला धरून चालतो. आज तो ‘पद्धत’ आणि ‘निष्कर्ष’ अशा मथळ्यांखाली कापून बसवायचा म्हटला तर रेषाकृती कुठल्या मथळ्याखाली घालणार? ती पद्धतही आहे आणि निष्कर्षही. शब्दमर्यादा आठ हजार असली तरी आकृतीचे वजन त्यात धरत नाहीत, म्हणजे ती युक्तिवादाचा भाग नाहीच असे मुकाट्याने मान्य केल्यासारखे होते.

नाव झाकण्याचा नियम त्या मानाने तरुण आहे. ‘नेचर’सारख्या पत्रिकेनेसुद्धा बाहेरच्या परीक्षकांकडून तपासणी सक्तीची केली ती 1973 मध्ये. परीक्षकाला लेखक कळू नये आणि लेखकाला परीक्षक, ही त्यापुढची पायरी. इतिहासकाराला हे सहज जमते. पण स्वतः बांधलेल्या इमारतीवर लिहिणाऱ्याने काय करावे? छायाचित्र दिसताच परीक्षक ओळखतो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे माहितीच्या चौकटीत, कार्यालयाचे नाव राहून जाते, फाइलच्या गुणधर्मांत संगणकमालकाचे. मजकुरातून नाव पुसणारे लेखक या दोन जागा हमखास विसरतात.

आणि शेवटी स्केल बार. समजा 30 मीटर लांबीच्या इमारतीचा प्लॅन 1:100 मध्ये काढला आहे, म्हणजे कागदावर 30 सेंटीमीटर. पत्रिकेच्या एका स्तंभाची रुंदी 9 सेंटीमीटर धरली, तर चित्र तीन दशांशावर येते. खाली ‘स्केल 1:100’ तसेच छापले तर ते धडधडीत खोटे, कारण प्रमाण आता जवळपास 1:333 झाले आहे. चित्रासोबत आखडणारी पट्टी मात्र पाच मीटरला पाच मीटरच दाखवते. पडद्यावर वाचक चित्र बोटांनी ताणतो तेव्हाही. रेषांना ही सवलत नाही: 0.13 मिलिमीटरची बारीक रेषा 0.04 च्या आसपास येऊन पुसट होते, अडीच मिलिमीटरची अक्षरे पाऊण मिलिमीटरवर येतात. म्हणून प्लॅन छोटा करून पाठवण्यापेक्षा 9 सेंटीमीटरच्या चौकटीत तो नव्याने काढावा लागतो. फर्निचर जाते, फरशीचे सांधे जातात, भिंती भरून काळ्या होतात. मापांचे आकडे, पल्लाडिओने ठेवले होते तसे, दोन-चारच उरतात.