नागीण, भगत आणि असायक्लोव्हिर

मालवण-कुडाळकडे अजूनही कुणाला नागीण उठली की डॉक्टरच्या आधी भगत आठवतो. गेरूचा लेप, मंत्र, वर पथ्य. आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस धास्तावून सांगतं, "शेपटी तोंडाक टेकली काय माणूस रवना नाय."

टेकत नाही हो. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. मणक्यालगतच्या चेतातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षं दडून बसतो. वय झालं, प्रतिकारशक्ती ढिली पडली की त्यातल्या एखाद्या गाठीतून तंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. तीच नागीण. डाव्या अंगाचा तंतू वेगळा, उजव्याचा वेगळा. म्हणून फोडांचा पट्टा पाठीच्या कण्यापाशी सुरू होतो आणि पोटाच्या मध्यरेषेवर येऊन थांबतो. फोड दोन ते चार आठवड्यांत बहुधा आपसूकच सुकतात, त्यामुळे भगताला यश हमखास. वाया जातात ते पहिले ७२ तास, आणि औषधाचा खरा उपयोग तर तेव्हाच.

ते औषध म्हणजे असायक्लोव्हिर, आणि त्यामागची बाई गर्ट्रूड एलियन. जन्म १९१८, न्यूयॉर्क. आजोबा कॅन्सरने गेले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. रसायनशास्त्र घ्यायचं तिथंच ठरलं. पदवी १९३७ साली मिळाली, पण प्रयोगशाळेत बाई नको म्हणून नोकरी मिळेना. मध्यंतरी एका किराणा कंपनीसाठी लोणच्याची आंबटाई तपासायचं कामही तिने केलं. १९४४ मध्ये बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली लागली आणि निवृत्तीपर्यंत तिथंच राहिली. पीएचडी शेवटपर्यंत झाली नाही.

दोघांचा विचार साधा होता. पेशी वाढायची तर डीएनए हवा, डीएनएला कच्चा माल हवा. मग खऱ्यासारखा दिसणारा खोटा माल पुरवायचा. यातूनच रक्ताच्या कॅन्सरवरचं मर्कॅप्टोप्युरिन आलं, गाऊट या सांधेदुखीवरचं अ‍ॅलोप्युरिनॉल आलं. पण विषाणूवर हा डाव टाकणं अवघड, कारण तो आपल्याच पेशीत बसून आपलीच यंत्रं वापरतो. त्याला मारायला जावं तर आपणच मरायचो.

असायक्लोव्हिरची गंमत इथे आहे. डीएनए म्हणजे चार रासायनिक अक्षरांची लांबच लांब साखळी. त्यातलं 'जी' हे अक्षर बनतं ग्वानोसिनपासून. असायक्लोव्हिर म्हणजे जवळजवळ तेच, फक्त त्यातलं साखरेचं कडं तुटलेलं. पुढचं अक्षर जिथे जोडायचं ती जागाच नाही. कोकण रेल्वेच्या गाडीला पुढचा हूक असलेला पण मागचा नसलेला डबा लावावा, तसं. साखळी तिथंच खुंटते आणि ती जोडणारं पॉलिमरेज हे विकरही (एन्झाइम) तिथंच अडकून पडतं.

मग आपला डीएनए का खुंटत नाही? कारण साखळीत शिरण्याआधी या अक्षराला तीन फॉस्फेट चिकटावे लागतात, आणि पहिला फॉस्फेट आपली विकरं असायक्लोव्हिरला जवळपास लावतच नाहीत. विषाणू मात्र थायमिडीन कायनेज हे स्वतःचं विकर घेऊन येतो. त्याचं ठरलेलं काम थायमिडीनला फॉस्फेट लावण्याचं, पण ते इतकं ढिसाळ की ग्वानोसिनच्या या नकलेलाही लावून मोकळं होतं. दुसरा-तिसरा फॉस्फेट मग आपली विकरं लावतात. फॉस्फेट लागला की रेणूवर ऋणभार येतो आणि तो पेशीबाहेर सहजी पडू शकत नाही. हर्पिसने (नागिणीच्या विषाणूच्याच कुळातला विषाणू) ग्रासलेल्या पेशीत हे तयार औषध निरोगी पेशीच्या ४० ते १०० पट साठतं. शिवाय आपल्यापेक्षा विषाणूच्याच पॉलिमरेजला ते जास्त भावतं.

थोडक्यात, गोळी गिळली तेव्हा ते औषध नसतंच. विषाणू त्याचं औषध करतो. कोविडच्या काळात भिंतीच्या रंगापासून शर्टापर्यंत जिकडेतिकडे 'अँटीव्हायरल' छापलेलं पाहिलं, तेव्हा या रेणूची आठवण येऊन हसू यायचं.

अमेरिकेत त्याला १९८२ मध्ये मान्यता मिळाली आणि १९८८ मध्ये एलियन, हिचिंग्ज व आणखी एक औषधसंशोधक जेम्स ब्लॅक यांना नोबेल. नागिणीच्या विषाणूवर डोस मोठा लागतो: मोठ्या माणसाला साधारणपणे ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर तो कमी करावा लागतो, म्हणून मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नये. फोड डोळ्याजवळ असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

कधीकधी, विशेषतः प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांत, विषाणू ते थायमिडीन कायनेजच गमावून बसतो आणि असायक्लोव्हिर निकामी होतं. अशा वेळी फॉस्कारनेट वापरतात. त्याला कुणी फॉस्फेट लावून द्यावा लागत नाही. ते थेट पॉलिमरेजवरच जाऊन बसतं.