‘गोळी’ची पार्श्वभूमी: वैद्याच्या खलापासून गोळीबार मैदानापर्यंत

औषधांच्या दुकानात गोळी मागितली की हातात चपटी चकती पडते, नाहीतर लांबुळकी कॅप्सूल. पंचनाम्यातली गोळी पुढून टोकदार आणि मागून सपाट. शाळेबाहेरच्या बरणीतली लिमलेटची गोळी तर संत्र्याच्या फोडीच्या आकाराची. होमिओपॅथीवाले आणि डांबराच्या गोळ्या विकणारे वाणी सोडले, तर आज खरोखरची वाटोळी गोळी शोधावीच लागते. तरीही शब्द कुणाला खटकत नाही. तो जिथून आला तिथे त्याचा आकार पक्का होता. आकार सुटला तो गेल्या पावणेदोनशे वर्षांत, आणि यंत्रांमुळे सुटला.

व्युत्पत्तीचा भाग थोडक्यात. संस्कृतात गोल, गोलक, गुलिका, गुटिका, गुड हे सगळं एकमेकांना लागून असलेलं कुटुंब आहे. त्यातल्या ‘गुड’चा अर्थ गूळ तसाच गोळा किंवा चेंडूही. दोन स्वरांमधल्या ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होतो, फलचं फळ आणि कालचा काळ होतो तसा, म्हणून गोळा आणि गोळी. ‘गोल’ हे विशेषण मात्र ‘ल’ शाबूत ठेवून नंतर वेगळ्या दाराने आलं. त्यामुळे ‘गोल गोळा’ म्हणताना आपण एकच शब्द दोन वयांत उच्चारत असतो. गुटिकेची गोटी झाली. तिच्यासाठी पोरांनी अंगणात गल खणली, आणि १८७२ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेल्या एका बाटलीच्या गळ्यात अडकून ती आपल्याकडे ‘गोटी सोडा’ही झाली. मोठा तो गोळा आणि लहान ती गोळी, ही जोडी सुरा-सुरी, लोटा-लोटी यांच्यासारखीच लिंग बदलून आकार सांगणारी आहे.

वैद्यकातला वापर जुना. शार्ङ्गधरसंहितेत गोळीसाठी जे पर्याय एका श्लोकात ओळीने दिलेत, ते पुणेकराने जरूर वाचावेत: वटक, गुटिका, वटी, मोदक, वटिका, पिंडी, गुड, वर्ती. वटकाचा वडा झाला, वटिकेची वडी झाली आणि मोदक जिथल्या तिथे राहिला. म्हणजे आजचं फराळाचं अर्धं ताट त्या काळी औषधांच्या यादीत होतं. कारण कृती एकच: चूर्ण घ्यायचं, मधात, गुळात किंवा एखाद्या रसात खलायचं आणि बोटांनी वळायचं. वळलेली वस्तू वाटोळीच होणार. गोळी ‘वळतात’ हे क्रियापद त्याच हातकामाचं आहे.

बंदूक आल्यावर शब्दाचा दुसरा जन्म झाला. तोड्याच्या बंदुकीत घालायची ती शिशाची गोळी, तोफेत घालायचा तो लोखंडी गोळा. शिसं वितळवून साच्यात ओतायचं आणि राहिलेलं टोक कापून टाकायचं. पेशवाईत तोफगोळ्यांचे कारखाने होते. थोरल्या माधवरावांच्या काळात, १७६० च्या दशकात, जुन्नरकडच्या आंबेगव्हाणला गोळे ओतले जात. तोफ चालवणारा तो गोलंदाज. त्यातला ‘अंदाज’ फारसी, फेकणारा या अर्थाचा, तिरंदाजमध्ये आहे तोच. तोफखाना मोडला, गोलंदाज बेकार झाला आणि पुढे क्रिकेटच्या मैदानावर त्याला पुन्हा नोकरी मिळाली. गंमत म्हणजे तो तिथे गोळा टाकत नाही, चेंडू टाकतो. आणि त्याच्या जोडीला, चेंडूफळीतल्या फळीवरून, फलंदाज घडवला गेला. फळी फेकली तर तो बाद होईल, पण शब्द असा काही बसला की आता हलणार नाही.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, त्याच महिन्यात पुणे शहर कंपनी सरकारच्या हाती गेलं आणि गावाच्या पूर्वेला छावणी पडली. जुने लोक तिला अजूनही लष्करच म्हणतात. छावणी आली की नेमबाजीच्या सरावाला मोकळी जागा लागते. गोळीबार मैदान हे नाव त्या जागेचं. मुंबईत सांताक्रूझला ‘गोळीबार’ आहे, तेही असंच. स्वारगेटहून हडपसरकडे जाणाऱ्या बसचा कंडक्टर हे नाव पुकारतो तेव्हा कुणी दचकत नाही. तिथेच ईदगाह आहे, त्यामुळे ईदच्या दुसऱ्या दिवशी ‘गोळीबार मैदानावर नमाज शांततेत’ अशी बातमी वाचायला मिळते, आणि त्यातही कुणाला काही विचित्र वाटत नाही.

या नावातला घोळ मात्र ‘गोळी’त नाही, ‘बार’मध्ये आहे. त्यावर दोन मतं आहेत, आणि बहुतेक लोक पहिल्यावरच थांबतात.

पहिलं मत असं की हा ‘बार’ म्हणजे फारसीतला बरसणारा. हिंदी-उर्दूत गोलाबारी, गोलीबारी, बमबारी आहेत, त्यांचा मराठी भाऊ तो गोळीबार. मराठीत आपण ‘गोळ्यांचा वर्षाव’, ‘गोळ्यांचा पाऊस’ म्हणतोच, त्यामुळे अर्थ सरळ बसतो.

दुसरं मत असं की हा बार आपल्या रोजच्या बोलण्यातलाच. बंदुकीत बार भरतात, बार काढतात, बार उडतो. उडाला नाही तर तो फुसका बार. लग्नाचाही बार उडवतात. इथे बार म्हणजे एका वेळची भरण आणि तिचा आवाज. मूळ फारसीच, पण ओझं किंवा भार या अर्थाचा ‘बार’. मग गोळीबार म्हणजे गोळीचा बार, साधा षष्ठी तत्पुरुष.

मला दुसरं मत पटतं, आणि त्याला कारण व्याकरणाचं आहे. फारसीत ‘-बार’ हे बरसवणाऱ्याला लागतं. क्रिया सांगायची तर शेवटी ‘ई’ हवी, म्हणून तिकडे गोलीबारी. मराठीने अशी ‘ई’ सहसा गाळलेली नाही: दुकानदारी, सावकारी, गोलंदाजी, सगळीकडे ती जागेवर आहे. मग एकट्या गोळीबारातूनच ती का गळावी? पाऊसवाल्या अर्थाने पाहिलं तर ‘गोळीबार’ म्हणजे गोळ्या बरसवणारा माणूस ठरतो, आणि त्या अर्थाने हा शब्द मराठीत कुणी वापरत नाही. बाराचा अर्थ घेतला तर ‘ई’ची गरजच उरत नाही. पाऊसवाले म्हणतात की शब्द हिंदीतून येताना झिजला. झिजला असेलही; पण ज्या भाषेत ‘बार’ हा स्वतंत्र, ठणठणीत शब्द रोज वापरात आहे, तिने शेजारून झिजका तुकडा उसना का घ्यावा?

हा वाद निव्वळ पंडिती नाही. वर्तमानपत्राच्या डेस्कवर त्याचा रोज संबंध येतो. एकच गोळी सुटली तर ‘गोळीबार’ लिहायचं का? पाऊस मानणारा उपसंपादक ‘एक गोळी झाडली’ असं बदलतो, कारण एका थेंबाचा पाऊस होत नाही. बार मानणाऱ्याला अडचण नाही, एक बार हाही बारच. प्रत्यक्षात दोन्ही छापलं जातं, कधी एकाच बातमीच्या मथळ्यात आणि मजकुरात.

जुन्या वापरात आणखी एक भेद होता. तो पुसट होत चालला आहे, आणि माझ्या मते तो राखायला हवा होता. माणूस गोळी झाडतो, सरकार गोळीबार करतं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर प्लेगच्या बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २२ जुलै १९३१ ला फर्ग्युसन कॉलेजच्या ग्रंथालयात एका विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नरवर गोळ्या झाडल्या. एक खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर आपटली आणि गव्हर्नर बचावला. या दोन्ही प्रसंगांना कुणी ‘गोळीबार’ असं नाव दिलं नाही. याउलट ९ ऑगस्ट २०११ ला पवना धरणाच्या बंद जलवाहिनीविरुद्ध द्रुतगती मार्गावर उतरलेल्या शेतकऱ्यांपैकी तिघे पोलिसांच्या गोळ्यांनी गेले, तो ‘मावळ गोळीबार’. त्या आधीचा संयुक्त महाराष्ट्राच्या काळातला मुंबईचा, तोही गोळीबारच. आणि हे नाम सरकारला सोयीचं आहे: ‘गोळीबार झाला’ म्हटलं की वाऱ्यासारखं काहीतरी होऊन गेलं असं वाटतं, झाडणारा वाक्यातून बाहेर पडतो. ‘करावा लागला’ म्हटलं की तोच बिचारा ठरतो. आता जमिनीच्या भांडणात कुणी दोन बार हवेत काढले तरी ‘भरदिवसा गोळीबार’ असा मथळा येतो, त्यामुळे हा भेद सांगूनही फारसं कुणी ऐकत नाही.

या सगळ्या काळात खुद्द गोळीचा आकार बदलून गेला होता. १८४९ च्या सुमारास फ्रान्समध्ये लांबट, टोकदार, मागून पोकळ अशी गोळी निघाली. ती आटे पाडलेल्या नळीतून फिरत जाई, म्हणून लांबवर नेम लागे. काही वर्षांत इंग्रजांच्या एनफिल्ड बंदुकीतही तोच प्रकार आला, आणि १८५७ ला जिच्यावरून रान पेटलं ती चरबी लावलेली काडतुसं याच बंदुकीची. १८६९ साली खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला तेव्हा वाटोळ्या गोळीचा जमाना सरला होता. मराठीने नवं नाव शोधलं नाही, कामं वाटून दिली. झाडण्याआधी ते काडतूस, आणि पोलिसांच्या भाषेत ‘जिवंत काडतूस’. झाडल्यावर अंगात किंवा भिंतीत शिरते ती गोळी. मागे जमिनीवर उरते ती पुंगळी. पिस्तुलातून एकदा चाप ओढला की या तिन्ही शब्दांचा हिशेब पंचनाम्यात वेगवेगळा लागतो, आणि पुंगळ्यांची संख्या गोळ्यांशी जुळली नाही तर खटल्यात वकिलाला बोट ठेवायला जागा मिळते.

औषधाची गोळी जवळजवळ त्याच सुमारास चपटी झाली. १८४३ साली इंग्लंडमध्ये एका चित्रकाराने पूड साच्यात दाबून गोळ्या पाडण्याचं पेटंट घेतलं. त्याची धडपड मुळात पेन्सिलीत घालायच्या काळ्या भुकटीसाठी होती, जिला आपण शिसं समजून ‘शिसपेन्सिल’ म्हणत आलो. दाबाने पाडलेली गोळी चकतीच होणार. ती डबीत नीट रचता येते, घरंगळत नाही आणि मधोमध रेघ पाडली की बरोबर अर्धी होते. ‘अर्धी गोळी सकाळी, अर्धी रात्री’ हे वळलेल्या गोळीच्या काळात वैद्याला सांगता आलं नसतं. त्याला लहान गोळी वेगळी वळावी लागली असती.

वळलेल्या गोळीची एक काळी बाजू होती, ती बाळगोळी. मुंबईच्या गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्याला अफूची इवलीशी गोळी चाटवून निजवत, आणि बंदी येईपर्यंत हे उघड चाले. मार्क्सने १८४४ मध्ये धर्माला नुसती अफू म्हटलं होतं; मराठीत येताना तिची ‘अफूची गोळी’ झाली. जर्मनमध्ये गोळी नाही. इथे अफू कशी घेतली जाते हे माहीत असलेल्या लोकांनी ती आपसूक जोडली असावी.

गोडाच्या बाबतीत गोळी अजून थोडीफार वाटोळी आहे, निदान करताना. लाडवाचा पाक झाला का हे पाहायला गृहिणी वाटीत गार पाणी घेते आणि उलथन्यावरून पाकाचा थेंब सोडते. थेंब विरला तर पाक कच्चा. बोटांनी गोळा करताच मऊ गोळी झाली तर तो गोळीबंद. तीच गोळी ताटलीत टाकल्यावर टण वाजली तर पाक लाडवाच्या पुढे गेला, आता चिक्कीच करायची. स्वयंपाकाच्या थर्मामीटरवर हे सगळं जेमतेम काही अंशांत घडतं, पण ‘गोळीबंद’ला पर्याय म्हणून अंश सांगणारी आजी मला अजून भेटलेली नाही.

डांबराच्या गोळीचं नाव तेवढं रसायनशास्त्रालाही पटेल असं आहे. ती नॅफ्थलिनची, आणि नॅफ्थलिन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सापडलं ते दगडी कोळशाच्या डांबरातच. शिवाय ती न वितळता हवेत उडून जाते, त्यामुळे दिवाळीला पैठणीच्या घडीत ठेवलेली गोळी पुढच्या लग्नसराईपर्यंत वाटाण्याएवढी झालेली असते, पण असते वाटोळीच.