नाणेघाट शिलालेख

सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख. पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या पश्चिमेस, घाटघर गावापलीकडे, कोकणातून वर येणाऱ्या वाटेच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात तो कोरलेला आहे. कल्याण व सोपारा या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला आणि तिथून पैठणकडे जाई. लेखाच्या काळाबद्दल एकमत नाही, इ. स. पू. पहिल्या शतकाकडे बऱ्याच अभ्यासकांचा कल आहे.

जुन्नर परिसरातील बहुतेक लेणी बौद्ध आहेत, हे लेणे मात्र बौद्ध नाही. याच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातील आठ जणांचे पुतळे होते. आज पावलांच्या खुणांखेरीज त्यांचे फारसे काही उरलेले नाही. नावे मात्र बरीचशी वाचता येतात. सिमुक सातवाहन, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन ही त्यांपैकी काही. राजा सातकर्णी व राणी नागनिका यांची नावे एकत्र आहेत आणि त्यात राणी आधी येते : ‘देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो’.

मुख्य लेख डाव्या-उजव्या भिंतींवर आहे. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना वंदन, त्यानंतर राणीचे वर्णन : महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीचे जीवन जगणारी, वेदिसिरीची आई. या वर्णनावरून ती विधवा होती व अल्पवयीन मुलाच्या वतीने कारभार पाहत होती, असे अनुमान काढले जाते. ते पटण्याजोगे आहे. पण लेख जागोजागी झिजला आहे, याचा विसर पडू नये.

उरलेला बहुतेक मजकूर यज्ञांचा आणि दक्षिणेचा आहे. अश्वमेध, राजसूय, आप्तोर्याम, गवामयन अशी नावे एकामागून एक येतात. सोबत गाई, हत्ती, घोडे, गावे, कार्षापण (त्या काळची नाणी). दक्षिणेचे आकडे अंकांत कोरले असल्याने गणिताच्या इतिहासातही हा लेख महत्त्वाचा ठरतो. १०,००१ गाई, २४,४०० कार्षापण असे आकडे त्यात सापडतात. तेव्हा स्थानमूल्य नव्हते, शून्यही नव्हते. शंभर व हजार यांना स्वतंत्र चिन्हे होती. हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले की चार हजार होत.

घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते आणि ट्रेकिंगला येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवलेही जाते. वाट व्यापाराची असल्याने यात अशक्य काही नाही. पण उपलब्ध लेखात जकातीचा उल्लेख नाही.

एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स यांनी लेखाकडे लक्ष वेधले. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी त्याचे वाचन केले. सातकर्णीबरोबर नागनिकेचे नाव असलेले नाणेही जुन्नर भागात मिळाले आहे.